दसऱ्याचा तो फोटो

प्रिय मनू,

मी मराठीत पत्र लिहितेय. हस आता! "पेणच्या ताईला अडुसष्ट म्हणजे किती ते पण कळत नाय," असं सगळ्या वाडीला सांगत फिरायचीस ना? एकोणसत्तर आणि एकोणऐंशीचा घोळ अजून तसाच आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, सांभाळून घे. इंग्लिशमध्ये लिहिलं असतं तर पटापट झालं असतं, पण मग मी परत काहीतरी छान छान लिहिलं असतं. आज मला छान लिहायचं नाहीये.

तू गेलीस त्याला सात वर्षं झाली. मग आत्ताच का लिहितेय? एका मुलीमुळे.

सोमवारी रोह्याजवळच्या एका शाळेत माझा कार्यक्रम होता. कॉलेजला गेल्यापासून मी हेच करते, मनू. शाळाशाळांतून जाते, प्रोजेक्टर लावते आणि मुलांना सांगते की घरात बंदूक असेल तर तिला हात लावायचा नाही. कोणी कितीही सांगितलं रिकामी आहे, तरी भरलेलीच समजायची. आणि घरच्यांच्या मागे लागून ती कुलपात ठेवायला लावायची. आपल्याकडे डोंगराकडेच्या गावांत भाताला डुकरं लागतात, वालाला लागतात, म्हणून कोणाकोणाच्या घरात परवान्याची ठासणीची बंदूक असते. ती दाराआड उभी असते, छत्री असावी तशी. तिची कोणाला भीतीच वाटत नाही! म्हणून मी जाते. आणि प्रत्येक शाळेत तुझी गोष्ट सांगते.

तर कार्यक्रम झाला, टाळ्या झाल्या, बाईंनी गुलाब दिला. मी वायर गुंडाळत होते, तेवढ्यात सातवीतली एक मुलगी आली. दोन वेण्या, लाल रिबिनी.

"ताई, आमच्यात पण बंदूक हाय. पण बाबा घरी आले की चपला काढायच्या आधी बंदुकीची केप काढतात. तुमचे काका नाय काढायचे?"

"काढायचे की. रोज."

"मंग त्या दिवशी का नाय काढली?"

"विसरले गं. माणूस विसरतो कधीतरी."

तिला हसू आलं. "बाबा बोलतात, डोकं ईसरतं, हात नाय ईसरत." आणि मग अगदी सहज, दप्तर खांद्यावर टाकता टाकता म्हणाली, "मागनं कोणी लावली असंल, ताई. घरात ईचारलं का तुमी?"

मी काय केलं असेल? "चल पळ, तुझी गाडी जाईल," म्हटलं आणि तिच्याकडे पाठ केली. बारा वर्षांच्या पोरीकडे!

मनू, केप मी लावली होती.

हे एक वाक्य लिहायला मला सात वर्षं लागली. आता लिहिलंच आहे तर सगळं क्रमाने लिहिते. तुला बरंचसं माहीत आहे, तरी लिहिते.

मी दहावीत होते. पप्पांनी मला नवीन फोन घेऊन दिला होता, आणि शाळेत आम्हाला प्रोजेक्ट होता, 'आपल्या गावातला सण'. पेणच्या घरात कसला आलाय गावातला सण? म्हणून दसऱ्याला मी हट्टाने तुमच्याकडे आले. काका सकाळपासून अवजारं घासत होते. नांगराचा फाळ, कोयते, विळे, कुऱ्हाड, आणि शेवटी बंदूक. तिला खोबरेल लावून पुसली, नळीला झेंडूची माळ घातली आणि पाटावर सगळ्यांच्या मधोमध ठेवली. तू विचारलंस, "बाबा, बंदुकीला पण हळदकुंकू?" तर काका म्हणाले, "मंग! ती राखण करते, तिला नको व्हय?"

बंदूक भरलेली होती. भात पिकत आलेलं, डुकरं रोज उतरत होती. एकदा दारू आणि छर्रे नळीत ठासले की ते परत काढता येत नाहीत, बार उडवूनच रिकामी करावी लागते. म्हणून ती तशीच ठेवायची आणि फक्त केप काढायची. तुरीच्या दाण्याएवढी तांब्याची टोपी. ती नसेल तर बार होत नाही. "केप डबीत की बंदूक झोपली," काका म्हणायचे. डबी देवळीत असायची, आणि देवळीला हात लावायचा नाही हे तुला बोलता यायच्या आधीपासून कळत होतं. तुला कळत होतं. मला नव्हतं.

पूजा झाली, काका गावात सोनं वाटायला गेले, काकू वडे तळायला बसली. मी तुला म्हटलं, "मनू, बंदूक हातात घेऊन उभी राहा, मस्त फोटो येईल." तू म्हणालीस, "नको गो ताई, बाबा मारतील." मी म्हटलं, "घाबरट!"

का गं ऐकलंस माझं? तू कोणाचंच ऐकायची नाहीस. काकूचं नाही, गुरुजींचं नाही. चिंचेवर चढू नको म्हटलं की चढायचीस. मग माझंच का? मी जरा इंग्लिश बोलायचे म्हणून?

पहिला फोटो काढला आणि झूम करून बघितला. घोड्याखाली, जिथे केप बसते, तिथे नुसताच खिळा दिसत होता. मला ते 'अपूर्ण' वाटलं. आदल्या सुट्टीत काकांनी मला दाखवलं होतं, कुठला भाग कशाला म्हणतात. मला सगळं येतं हे मला सरांना दाखवायचं होतं. म्हणून मी देवळीतली डबी काढली, एक केप घेतली, खिळ्यावर बसवली आणि घोडा हळूच खाली टेकवला. किती अलगद केलं मी ते सगळं! मग तुझा फोटो काढला. डोक्याला झेंडू, हातात तुझ्याहून उंच बंदूक आणि चेहऱ्यावर भीती. मी म्हटलं, "स्माइल." तू दात दाखवलेस.

तेवढ्यात काकू आतून ओरडली, "वडे निवतात गो! बिरडं वाढलंय, या!" तू बंदूक पाटावर ठेवलीस. आपण धावलो. आणि मी विसरले.

विसरले ते काका नव्हते, मी विसरले.

संध्याकाळी काकांनी पाट उचलला, बंदूक दाराआड उभी केली. त्यांनी केप सकाळीच काढून डबीत टाकली होती, परत कशाला बघतील? वर झेंडूची माळ तशीच होती. त्या दोन दिवसांत डुकरंही उतरली नाहीत. एरवी रोज यायची ती! आली असती तर काकांनी बंदूक हातात घेतली असती, त्यांना दिसलं असतं.

तिसऱ्या दिवशी तू शाळेतून आलीस. काका-काकू शेतात. तू केर काढायला घेतलास, काकूने सांगितलं नसतानाही. बंदूक सरकवली असशील, ती उंबऱ्यावर पडली. घोडा केपेवर टेकलेलाच होता. एवढंच पुरतं.

पुढचं नाही लिहीत. पुढचं तुझं आहे.

आम्ही पेणहून निघालो तेव्हा पप्पांना फोनवर एवढंच कळलं होतं, की बंदूक पडून बार झाला. गाडीत मम्मी म्हणत होती, "पण केप तर काढतात ना भाऊजी?" आणि मला कळलं. मनू, त्याच मिनिटाला कळलं. वाटेतलं कासू गावही आलं नव्हतं. मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

तुला रोह्याहून अलिबागच्या मोठ्या हॉस्पिटलला नेत होते. वाटेतच गेलीस, तुला परत रोह्यालाच आणलं.

मी रोह्याला हॉस्पिटलच्या संडासात जाऊन फोटो डिलीट केला, आधी तो, मग त्याच्या आधीचा. बाहेर आले तेव्हा काकांना पोलीस विचारत होते, "केप काढली होती का?" काका म्हणाले, "काडतो साहेब. रोज काडतो." परत विचारलं, "त्या दिवशी काढली होती का?" काका आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. मग म्हणाले, "नसंल काडली. ईसरलो असंन. दुसरा कोन हात लावतो?"

मी त्यांच्या बाजूला उभी होते. माझ्या हातात त्यांच्यासाठी पाण्याची बाटली होती. मी झाकण उघडून दिलं.

पंधरा वर्षांची होते, घाबरले होते, हे सगळं मी स्वतःला सांगून झालंय. पण सोळाव्या वर्षी? अठराव्या? एकविसाव्या? दरवर्षी एक नवीन कारण सापडायचं. काकांवर केस चालू आहे, आत्ता बोललं तर गुंता होईल. केस संपली, परवाना गेला, आता बोलून काय उपयोग? काकू जरा हसायला लागलीये, आता नको.

आणि खरी लाज वेगळीच आहे. मी नुसती गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी तुझ्यावर भाषणं केली! माझी एक स्लाइड आहे, काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत, 'एका विसरण्याची किंमत'. ती आली की हॉल शांत होतो. मी तीन सेकंद थांबते. तीन सेकंद थांबायचं हे मी प्रॅक्टिस करून ठरवलंय. मग म्हणते, "तिचे वडील केप काढायला विसरले होते."

दोन वर्षांपूर्वी मी काकांनाही घेऊन गेले. "तुम्ही बोललात तर मुलांवर जास्त परिणाम होईल, काका." ते नको म्हणत होते. मी आग्रह केला. तुझ्या ताईचा उत्साह तुला माहीत आहे. धुतलेला पांढरा शर्ट घालून ते आले, मागच्या बाकावर बसले. मी नाव घेतल्यावर उभे राहिले आणि त्या एवढ्या एवढ्या पोरांसमोर हात जोडले. "मी ईसरलो, बाळांनो. तुमच्या बाबांना सांगा, ईसरू नका." माइक मी धरला होता. नंतर मला शाल मिळाली, नारळ मिळाला, पेपरात नाव आलं. काकांनी ते कात्रण भिंतीवर चिकटवलंय, कॅलेंडरच्या शेजारी. पाहुणे आले की दाखवतात, "आमची सायली. मनूच्या नावानं लई करते."

तुझे बाबा आता कसे आहेत, माहितीये? कडी लावली का हे चार वेळा बघतात. काकूला विचारतात, "गॅस बंद केला ना मी?" शेजारच्या जोशींच्या नातवाला जरा रस्ता ओलांडून द्या म्हटलं तर म्हणतात, "माज्याकडं पोर देऊ नका. मी ईसरतो." लोकांना वाटतं वय झालं. बावन्न हे वय असतं का?

हे सगळं त्यांना सांगायला जायचं ठरवलंय. तुला आधी सांगितलं, कारण तुझ्याकडून उत्तर यायची भीती नाही. बघ, यात पण मी सोपी बाजूच धरली.

*

वरचं सगळं मंगळवारी लिहिलं. आज रविवार. मी जाऊन आले.

सकाळी पप्पा डोलवीच्या कारखान्यात शिफ्टला निघत होते, तेव्हा त्यांना आधी सांगितलं. बूट घालता घालता ते खुर्चीतच बसून राहिले. मग म्हणाले, "सात वर्षांनी आता काय उकरतेस, सायली?" मी म्हटलं, "तुमचा भाऊ स्वतःला येडा समजतो, पप्पा." थोड्या वेळाने म्हणाले, "थांब, सुट्टी टाकतो, मी येतो बरोबर." मी नको म्हटलं. आयुष्यात एक गोष्ट तरी कोणाला बरोबर न घेता करावी.

रोह्यापर्यंत ट्रेन, पुढे मिनिडोर रिक्षा. हातात पोह्याच्या पापडांची पिशवी. कोणाचं मूल आपल्यामुळे गेलं हे सांगायला जाताना पापड घेऊन जातात का? पण रिकाम्या हाताने कधी गेले नव्हते, सवयीने घेतले.

काका अंगणात वालाच्या शेंगा सोलत होते. मला बघून लगेच हाक मारली, "ए, बघ गो कोन आलंय! मॅडम आल्या!" काकू आतून म्हणाली, "आली व्हय? च्या टाकते. लई सुकलीस गो तू, भाषनं देऊन देऊन."

मी म्हटलं, "काका, मला काहीतरी सांगायचंय." काका म्हणाले, "लगीन ठरलं का काय?" आणि हसले. मनू, ते मोठ्याने हसले. मी जवळजवळ परत फिरले.

मग मी सांगितलं. उभ्या उभ्या, पिशवी हातात धरून. फोटो, झूम, देवळी, डबी, केप. इंग्लिश शब्द येत होते मध्ये मध्ये, ते थांबवत होते. सॉरी म्हटलं नाही. त्या जागी तो शब्द बोलताच आला नाही.

काकांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मला वाटलं मारतील. मारायला हवं होतं.

ते म्हणाले, "म्हंजे मी काडली होती?"

"हो, काका."

"केप. सकाळी. मी काडली होती?"

"काढली होती. डबीत होती. मी बघितली. मीच घेतली त्यातून."

"मी ईसरलो नव्हतो?"

"नाही, काका. तुम्ही नाही विसरलात."

त्यांनी तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच विचारलं. माझ्यावर रागावायला त्यांना वेळच नव्हता, मनू! ते आपला उजवा हात उलटासुलटा करून बघत होते. मग उठले, सूप तसंच टाकून आत गेले, आणि मला बाहेर ऐकू आलं, "ऐकलंस का गो? मी काडली होती. बोललो होतो ना तुला पयल्या दिवशी, मला आठवतंय मी काडली म्हनून? तू बोललीस, जाऊ दे आता." आणि मग मी माझ्या काकांना रडताना ऐकलं. तू गेलीस तेव्हाही मी ते ऐकलं नव्हतं.

काकू बाहेर आली. चहाचं भांडं हातातच होतं. मी वाकून पाया पडायला गेले, तर ती मागे सरकली.

"त्या मानसानं सात वर्सं पोरीच्या फोटोला हार घातला नाय," ती म्हणाली. "बोलायचा, ज्या हातानं मारली त्या हातानं कसा घालू? आन तू दर दसऱ्याला येऊन जेवून जायचीस हितं. माज्या हातचं."

मी सरळ उभी राहिले.

"आज नको थांबू. जा." मग पिशवीकडे बघून, "ते पन ने."

तुला माहीत आहे, आपल्या घरातून कोणी चहा न घेता गेलेलं नाही. काकूने भांडणारा शेजारीसुद्धा पाणी पाजून पाठवलाय. मला तिने पाठवलं. बरोबर केलं. मी कोलाड फाट्यापर्यंत चालत गेले, आणि मला रडू आलं नाही, फक्त कानशिलं गरम झाली होती, शाळेत सगळ्यांसमोर उभं केल्यावर होतात तशी.

मनू, माफी मागायला हे पत्र नाही. मागितली आणि तू दिलीस असं मीच मनाशी ठरवून टाकेन, मला येतं ते. त्यापेक्षा मी काय करणार आहे ते लिहिते, म्हणजे नंतर पळवाट नको.

उद्या मी पोलीस स्टेशनला जाऊन लेखी देणार आहे. तिथे काय होईल माहीत नाही. 'निष्काळजीपणा' या शब्दापुढे काकांचं नाव आहे, तिथे माझं असायला हवं. ती काळी स्लाइड काढून टाकली. ज्या ज्या शाळेत मी काकांचं नाव खराब केलं, त्या सगळ्या शाळांत परत जाईन, पहिल्यांदा त्या लाल रिबिनवाल्या मुलीच्या शाळेत. तिला सगळ्यांसमोर सांगेन, की तू बरोबर विचारलं होतंस आणि मी खोटं बोलले. मुलांना सांगेन, की बंदूक भरलेलीच समजा आणि मोठ्या ताईने 'घाबरट' म्हटलं तरी हात लावू नका. आणि चुकून हात लागलाच, तर मार पडला तरी चालेल, त्याच दिवशी सांगा. जेवायच्या आधी सांगा. मी त्या दिवशी बिरडं जेवायला बसण्याआधी एक वाक्य बोलले असते तर काकांनी एक थोबाडीत दिली असती, बस.

बोलवणं बंद करतील कदाचित. मग गेटबाहेर उभी राहीन. तेवढा उत्साह आहे माझ्यात, आता तरी कामाला येऊ दे. आणि काकूने दार उघडलं नाही, तरी दर दसऱ्याला अंगणापर्यंत येईन. जेवायला नाही. तिला अजून काही बोलायचं असेल तर ते ऐकायला मी समोर असेन.

तुला घाबरट म्हणणारी,
सायली